निशाणी धनुष्य

एकतीस वर्षं मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर
लिंबाखाली टेबल टाकून दस्त लिहितो.
लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा,
भरणा पावला, तक्रार राहिली नाही.
म्हणून सत्तय्या गड्डमनं त्याचे कागद
आधी मला दाखवले.

भद्रावती पेठेत चार माग, वर माळा,
माळ्यावर पत्र्याची पेटी,
पेटीत टॉवेलात गुंडाळलेले सात कागद.
अमेरिकेतल्या जुन्या वसाहतींचे गव्हर्नर,
त्यांच्या सह्या. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या.
नाद कसा लागला?
तिकडच्या एका गिऱ्हाइकानं टॉवेलांचे पैसे बुडवले
आणि वर्षानं पाकिटातून पहिला कागद पाठवला:
एवढंच उरलंय, आजोबांच्या कपाटातलं.
लोक म्हणाले, फसलास.
तो म्हणाला, फसलो खरा, पण सही तर बघा.
शेवटच्या अक्षराची शेपटी
तीनदा स्वतःभोवती फिरून परत आलेली,
जकार्डच्या कार्डावरही असा वेल बसायचा नाही.

मग सहा आणखी घेतले.
राजव्वा विड्या वळता वळता विचारायची,
पाचवा माग कुठंय?
तो वर बोट दाखवायचा.

सातवा कागद वाचायला एस्तेर रणभिसे बाई आल्या,
वोरोनोको शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या.
एप्रिलची दुपार, पत्रा तापलेला, खाली माग चालू.
भिंग धरून बाई एकेक ओळ मराठीत सांगत गेल्या:
पूर्वेस ओढा.
उत्तरेस वीज पडलेलं झाड.
पश्चिमेस, एक माणूस दिवसभरात चालेल तिथवर.
मी विचारलं, गट नंबर?
बाईंनी भिंगावरून माझ्याकडं पाहिलं.
मोबदला: सहा कोट, एक किटली,
बारा वाव कापड.

थांबा, सत्तय्या म्हणाला. पन्हा किती?
पन्हा लिहिलेला नाही.
पन्हा न लिहिता कापड कोण देतं?
तो उठला, दोन्ही हात पसरले,
माळ्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
वाव मोजत बारा वेळा सरकला.
नऊ चादरी, म्हणाला.
एक माग, एक पाळी.
तीही वीज गेली नाही तर.

खाली गव्हर्नरची सही, ऐसपैस.
तिच्या शेजारी एक वाकडी रेघ, तिला दोरी.
बाईंना वाटलं, शाई सांडली असेल.
मला वाटलं नाही.
आजोबांच्या दप्तरात मोडी कागदांखाली
असे नांगर मी पाहिलेत, कुळांनी काढलेले,
बाजूला कारकुनाचं अक्षर: निशाणी नांगर.
हे निशाणी धनुष्य.
नाव दुसऱ्याच कुणी लिहिलेलं.
बाईंनी ते दोनदा वाचलं
आणि दोन्ही वेळा वेगळं वाचलं.

त्या आठवड्यात सत्तय्यानं पत्र लिहवून घेतलं,
मजकूर माझा, इंग्रजी बाईंचं:
यापुढे गव्हर्नर नकोत.
मोबदल्यात कापड असलेले कागद असतील तर कळवावे.
दलालाचं उत्तर आलं,
अशी वर्गवारी आमच्याकडे नाही.

परवा पेटी उघडली, कडुलिंबाचा पाला बदलायला.
गव्हर्नरच्या शेपटीवर, जिथं टाक दाबला होता,
तिथं शाईनं कागद खाल्लाय,
तिळाएवढं आरपार भोक.
धनुष्य हलक्या हातानं काढलेलं, शाबूत.
सत्तय्या रफूची सुई घेऊन उजेडाला बसला,
बराच वेळ बसला,
मग सुई परत टोपीत खोचली.

खालून राजव्वानं विचारलं,
जागा तरी किती होती ओ ती?
मी हिशेब केला. पेठेतनं सकाळी निघालं
तर दिवे लागायला मोहोळ.
सत्तय्या म्हणाला, माणूस कुणाचा त्यावर आहे.
घेणाऱ्याचा असेल
तर मोडनिंब.